बाहुलीपर्यंतचा उजेड

दचकू नका. ड्रॉवरच्या तळातून, संपलेल्या पेनांच्या आणि रबर बँडच्या गर्दीतून येतोय तो आवाज माझाच आहे. मी एक टॉर्च. बोटभर लांबीची, पेनसारखी खिशाला अडकवायची. आता अडकवायची पट्टी तुटली आहे आणि उजेड काविळीसारखा पिवळा पडला आहे. पण मी पाहिलेले डोळे अजून माझ्यात आहेत. ते मिटत नाहीत, म्हणून बोलतेय.

मी तयार झाले तेव्हा तपासणीच्या टेबलावरच्या बाईंनी माझं बटण दाबलं आणि मी थेट त्यांच्या डोळ्यात घुसले. "अगं बाई! आंधळी करतेस की काय मला," असं म्हणत त्यांनी मला खोक्यात टाकलं. जगात आल्याआल्या मी पाहिला तो माणसाचा डोळा. पुढे जन्मभर तेच पाहायचं आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

मला विकत घेतलं एका नव्या नर्सनं. तिची नेमणूक मेंदूच्या आजारांच्या वॉर्डात झाली होती. पहिल्याच दिवशी तिथल्या मोठ्या सिस्टर तिला एका बेशुद्ध पेशंटपाशी घेऊन गेल्या.

"पापणी उचल. टॉर्च बाजूनं आण. बाहुली बारीक होते का बघ. दोन्हीकडे सारखी आहे का बघ. लिहून ठेव. तासाभरानं पुन्हा ये."

बाहुली म्हटल्यावर मला खेळण्यातली वाटली. मी पापणीआड तिला शोधत बसले. तिथे होतं एक काळंभोर गोल दार. माझा उजेड पडताच आतून कोणीतरी ओढून घ्यावं तसं ते आक्रसलं. मी हादरलेच. काही दारं मात्र माझ्या उजेडानं हलत नसत. तेव्हा माझी नवी सिस्टर मला खिशात कोंबून डॉक्टरांकडे धावायची आणि खिशातल्या अंधारात मला तिच्या छातीचे ठोके ऐकू यायचे.

त्या वॉर्डात तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. एका आजोबांना जगाची डावी बाजूच उरली नव्हती. ताटातलं उजवीकडचं तेवढं खायचे आणि "एवढंसंच वाढलं?" म्हणून रुसायचे. सिस्टर गुपचूप ताट फिरवून ठेवायची. एका मुलीला अपघातानंतर एकच शब्द सापडायचा, 'चमचा'. आईला चमचा, दुखतंय ते चमचा, देवाला हात जोडतानाही चमचा. हसावं की रडावं कळत नसे. आमची सिस्टर दर दोन तासांनी न चुकता प्रत्येकाची कूस बदलायची, अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून. "चला, कूस!" असा तिचा आवाज आला की वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, "वाजला बाई गजर!" तेच नाव पडलं तिला. गजर सिस्टर.

अशाच एका दिवशी शिंप्याचं काम करणारे एक मास्तर आले. शेहेचाळीस वर्षांचे. कुणाचा तरी कोट कापता कापता टेबलावरच कोसळले होते. मेंदूच्या तळाशी रक्ताची गाठ अडकली होती. हात, पाय, जीभ, काहीच हलत नव्हतं. गळ्यात श्वासाची नळी, नाकात जेवणाची नळी. माझ्या उजेडानं बाहुली मात्र छान बारीक व्हायची. सिस्टर मला त्यांच्या डोळ्यांसमोर डावीकडून उजवीकडे न्यायची, पुन्हा डावीकडे आणायची. डोळे काही मागे यायचे नाहीत. कागदावर ती लिहायची, 'प्रतिसाद नाही'.

आम्ही सगळे त्यांच्याबद्दल बोलताना मास्तर म्हणायचो. त्यांना कोणी मास्तर म्हणून हाक मारत नव्हतं.

सहाव्या दिवशी त्यांचे थोरले भाऊ पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. त्या दिवशी दोन नर्स कामावर आल्या नव्हत्या. सिस्टर सकाळपासून टेकली नव्हती. नाकातल्या नळीतून पेज सोडत होती. भावांनी विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. ह्याला काही कळतं का?"

तिनं मान वर न करता उत्तर दिलं. "नाही हो भाऊ. आत कोणी नाहीये आता."

दुष्टपणानं नाही म्हणाली ती. भावांनी खोट्या आशेवर झुरू नये, असंच तिच्या मनात होतं. पेज संपली, नळी धुतली, ती पुढच्या पलंगाकडे गेली.

नवव्या दिवशी सकाळी तिनं नेहमीप्रमाणे मला डावी-उजवीकडे फिरवलं आणि खिशाला लावायला वर उचललं. जाता जाता मी पाहिलं. मास्तरांची बाहुली माझ्यामागे वर आली. बुडणारा माणूस वर बघतो तशी. सिस्टरचं लक्ष कागदाकडे होतं. पापणी मिटली. मी ओरडले असते, पण मला तोंड आहे कुठे? माझ्याकडे एक बटण, तेही दुसऱ्याच्या अंगठ्याखाली. त्यानंतर चौदा दिवस मी ते गुपित घेऊन तिच्या खिशात फिरले.

त्या चौदा दिवसांत त्या पलंगाभोवती काय काय बोललं गेलं! दुकान कुणी चालवायचं, मशीन विकायचं का, लेकीचं कॉलेज कसं होणार. वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, त्यांचा हात चोळत एकदा हलकेच म्हणाल्या, "सुटा हो आता. मला बघवत नाही." आणि एकविसाव्या दिवशी डॉक्टरांनी तिथेच, त्यांच्या उशाशी, घरच्यांना समजावलं. पुढच्या वेळी छातीत कफ भरून ताप आला तर आणखी उपचार करायचे नाहीत, असं लिहून देता येईल. विचार करा. परवा चार वाजता भेटू.

तेविसाव्या दिवशी तीन वाजून गेले होते. माझ्यातला सेल संपत आला होता, मी मिणमिणत होते. सिस्टरनं एका अंगठ्यानं मास्तरांची पापणी उचलून धरली होती. दुसऱ्या हातानं तिनं मला पलंगाच्या दांडीवर आपटलं आणि पेटतेय का ते बघायला डोक्याच्या वर धरलं. सहज तिची नजर खाली गेली. मास्तरांचा डोळा वर आला होता. माझ्याकडे.

तिनं मला खाली आणलं. डोळा खाली आला. पुन्हा वर नेलं. डोळा पुन्हा वर.

"मास्तर?" तेवीस दिवसांतली ती पहिली हाक. "मी बोलतेय ते कळत असेल, तर डोळे मिटा आणि मग वर बघा."

पापणी मिटली. उघडली. बाहुली वर गेली आणि तिथेच थांबली.

मी तिच्या हातून निसटले, घरंगळत पलंगाखाली गेले. तिथून मला फक्त तिचे पांढरे बूट दिसत होते. वरून तिचा आवाज आला, ओळखू न येणारा.

"पहिल्यापासून? पहिल्या आठवड्यापासून सगळं ऐकू येतंय तुम्हाला?"

खालून मला उत्तर दिसलं नाही. तिचे बूट डॉक्टरांकडे धावत सुटलेले दिसले.

डॉक्टर आले. सिस्टरनं मला पलंगाखालून उचलून खिशाला लावलं. "सिस्टर, डोळे आपोआपही हलतात," ते म्हणाले. मग त्यांनी वाकून विचारलं, "तुम्ही वकील आहात का? हो असेल तर वर, नाही तर खाली." खाली. "शिंपी आहात?" वर. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. मग म्हणाले, "मेंदू जागा आहे. अंगाकडे जाणारी वाट तेवढी बंद झालीय. डोळे वर-खाली, एवढंच उरलंय."

"आणि आम्ही रोज डावी-उजवीकडेच बघत होतो," सिस्टर म्हणाली.

चार वाजता वहिनी आणि भाऊ आले. वहिनींच्या हातात तो कागद होता. डॉक्टरांनी सांगितलं ते त्यांना आधी समजलंच नाही. मग त्या मास्तरांच्या तोंडाशी वाकून एवढंच म्हणाल्या, "अहो?"

डोळे वर गेले.

वहिनी रडल्या नाहीत, भडकल्या. "म्हणजे मी इतके दिवस एकटीच बडबडत नव्हते तर! मग सांगायचं नाही का काहीतरी!" आणि आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात दाबला. थोरले भाऊ दारातच थांबले होते. मशीन विकायचं तेच बोलले होते. त्यांना आत येण्याचा धीर झाला नाही.

डॉक्टरांनी कागदातला प्रश्न आता ज्याचा त्यालाच विचारला. पुढे ताप आला तर सगळे उपचार करायचे का? मास्तरांचे डोळे मधेच राहिले. किती तरी वेळ. मग ते वर गेले. वहिनींनी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली. फाडायचंसुद्धा सुचलं नाही त्यांना.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं हातमोज्यांच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर मोठ्या अक्षरात वर्णमाला लिहिली. स्वरांची एक ओळ, मग क ची, च ची, ट ची, अशा सगळ्या. ती ओळीवर बोट ठेवून विचारायची, ही? ही? डोळे वर गेले की त्या ओळीतली अक्षरं एकेक करून. "काना-मात्रा नंतर बघू," असं तिनं ठरवलं. त्यामुळे नुसती उघडी अक्षरं हाती यायची आणि वहिनी डोकं खाजवत बसायच्या.

पहिली ओळ. दुसरं अक्षर. आ.

त ची ओळ. पहिलंच. त.

प ची ओळ. शेवटचं. म.

"आ, त, म," वहिनींनी वाचलं. "आत्मा? अहो, असं अभद्र काय बोलता!"

मास्तर वहिनींकडे बघत नव्हते. वहिनी जिकडे बसल्या होत्या तिकडे डोळे वळतही नव्हते. समोर उभी होती ती सिस्टर. तिला ते पहिल्या झटक्यात कळलं होतं. तिनं पुठ्ठा खाली ठेवला.

"वहिनी," ती म्हणाली, "ते म्हणताहेत, आत मी."

मग तिनं वहिनींसमोरच सगळं सांगितलं. सहाव्या दिवशी ती भावांना काय बोलली, कसं बोलली. मान खाली घालून म्हणाली, "मास्तर, मला माफ करा." मास्तरांनी पुठ्ठ्याकडे डोळे नेले. या वेळी पाच अक्षरं आली. स, ग, न, क, र.

"सांग, नकार?" वहिनी घाबरून म्हणाल्या. डोळे खाली.

सिस्टर अक्षरं पुन्हा पुन्हा पुटपुटत राहिली. "सांगून करा?"

डोळे वर. आणि त्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीही न सांगता अंगावर येणारे हात, नाकात सरकणारी नळी, गळ्यातला कफ ओढणारं ते यंत्र, अचानक फिरवली जाणारी कूस. तेवीस दिवस त्यांनी ते सगळं कुठून काय येईल हे न कळता सोसलं होतं. त्या दिवसापासून सिस्टर आधी बोलायची. "मास्तर, आता कफ काढते, दहापर्यंत मोजा. मास्तर, आता उजव्या कुशीवर." इतर पलंगांपाशीही.

मास्तर पाच महिन्यांनी घरी गेले. त्याआधी लेक एकदा त्यांचा अर्धवट राहिलेला कोट घेऊन आली होती. ती खडू धरून कापडावर हात सरकवायची आणि बाबांचे डोळे बघायची. वर, आणखी वर, थांब. तो कोट पुरा झाला. खांद्यात जरासा चुकला असं मास्तरांनीच अक्षरं लावून सांगितलं. घरी ते अडीच वर्षं जगले. गेल्याचं सांगायला वहिनी मुद्दाम वॉर्डात आल्या, सिस्टरचा हात हातात घेऊन बसल्या. थोरल्या भावांनी शेवटपर्यंत रोज त्यांना पेपर वाचून दाखवला म्हणे. समोर मात्र बसायचे नाहीत. उशामागे बसून वाचायचे.

इथे गोष्ट गोड झाली असती. पण सिस्टर मागे जाऊ लागली.

मास्तरांच्या आधी किती जण होते? नोकरीच्या सात वर्षांतले पेशंट तिनं आठवायला घेतले. दुपारी वॉर्ड जरा शांत झाला की ती एखाद्या रिकाम्या पलंगापाशी उभी राहायची. कोपऱ्यातला सुतार. कालव्यात बुडून वाचलेली नवरी. 'प्रतिसाद नाही' असं तिनं स्वतःच्या अक्षरात लिहिलेले सगळे. एकदा मला तळहातावर घेऊन तिनं विचारलं, "तुला दिसलं होतं का गं काही?"

मी काय सांगणार! माझा उजेड दारापर्यंतच जातो.

आता ती स्वतः मोठी सिस्टर झाली आहे. नव्या मुलींकडे पांढऱ्या लख्ख उजेडाच्या टॉर्च आहेत. माझी पट्टी तुटली तेव्हा तिनं मला टाकून दिलं नाही, या ड्रॉवरमध्ये ठेवलं. कधीमधी उघडून बघते, पेटवत नाही. मला वाटतं तिला भीती वाटते.

मलाही वाटते. अंधारात मला सगळ्यात जास्त दिसतात त्या मास्तरांच्याही आधीच्या, सहा नंबरच्या पलंगावरच्या शाळेच्या बाई. त्यांना भेटायला येणारं कोणी उरलं नव्हतं. चाळिसाव्या दिवशी त्या गेल्या. सिस्टर रोज त्यांची पापणी उचलायची, मनात एक म्हणायची, दोन म्हणायची आणि मला काढून घ्यायची. वॉर्ड भरलेला असायचा, तेवढाच वेळ असायचा.

तुम्ही कधी अशा कुणाच्या उशाशी बसलात, तर नावानं हाक मारा आणि मग जरा थांबा. वाट बघण्याचा कंटाळा येईल, त्याच्याही पलीकडे थांबा. बाईंच्या डोळ्यापाशी मला तीन म्हणेपर्यंत कोणी ठेवलं नाही. मी अजून तिथेच आहे, वाट बघत.