मामाचे पस्तीस रोहित

त्या शुक्रवारी सकाळी अल रुवैसच्या किनाऱ्यावर ओहोटी होती. उथळ पाण्यात बावन्न रोहित (फ्लेमिंगो), सात कुरव, तीन बगळे आणि तळाला टेकलेली एक पांढरी होडी. रोहित मी तीनदा मोजले, तिन्ही वेळा बावन्न. मामाने मोजले तेव्हा पस्तीस भरले.

"एखाददुसरा इकडे तिकडे होतो," मी म्हणाले. "पण सतरा?"

"एम.एस्सी. झालीस ना, नमे? मग मोज की नीट."

मामा, म्हणजे अनंतराव, दोह्यात बावीस वर्षं गॅसच्या कंपनीत इंजिनिअर. मार्चमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतं, मग तो आणि मामी अल सद्दचा फ्लॅट सोडून नाशिकला परत जाणार. त्याआधी त्याला एकच गोष्ट करायची होती: नामिबियात स्वतः गाडी चालवत प्राणी आणि पक्षी बघायचे. गाइड नको, ग्रुप नको. बुकिंग झालं होतं, तीन आठवड्यांनी निघायचं होतं. मामीला गाडी येत नाही आणि माझं लायसन्स इतकं नवं की तिथले लोक मला भाड्याची गाडी देणार नाहीत. म्हणजे चालवणारा मामा एकटाच. ही त्याची रंगीत तालीम होती.

नियमही त्याचेच. गाडीचं दार उघडायचं नाही. ("बाहेर सिंह आहे समज.") आधी नुसत्या डोळ्यांनी मोजायचं, मगच दुर्बीण. मोजायला त्याने मामीची जपमाळ उचलून आणली होती. एक पक्षी, एक मणी.

"देवाला एकशे आठ आणि यांच्या रोहितांना पस्तीस," मागच्या सीटवरून मामी म्हणाली. "परत द्याल तेव्हा धुऊन द्या."

माळ तुटून पुन्हा ओवली असेल, मणी कमी असतील, असं मला वाटलं. मोजले. एकशे आठच होते, आणि तसंही पस्तीस मोजायला ते पुरेसेच होते. माझी शंकाच चुकीची होती.

"मामा, सुरुवात कुठून केलीस?"

"डाव्या टोकापासून."

"पहिला कुठला?"

"तो बघ, होडीला लागून, एका पायावर उभा."

होडीच्या डावीकडे आणखी सतरा रोहित माना खाली घालून चरत होते. मी बोट दाखवलं. त्याने मान वळवली.

"अरे! हे आत्ता उतरले."

"कोणी उतरलेलं नाही."

"मग तू मला बोलण्यात गुंतवलंस."

ऊन उजवीकडून येत होतं, म्हणजे डोळे दिपले असते तर उजवीकडचे सुटायला हवे होते. गाडीच्या पुढच्या काचेचा खांब आड येतो का, हे बघायला मी सिंहाची परवानगी काढून मामाच्या जागी बसले. तिथूनही बावन्न दिसले. मग वाटलं, होडीमुळे गोंधळ होत असेल; माणूस होडीलाच टोक समजतो. तसं असेल तर उलट बाजूनेही होडीपाशीच चुकायला हवं. म्हणून आम्ही वळसा घालून धक्क्यावर गेलो. तिथून तोच थवा पलीकडून दिसत होता, डावं उजवं अदलाबदल होऊन.

मी: बावन्न. मामा: अडतीस.

मघाचे सतरा त्याने या वेळी एकेक करून बरोबर मोजले होते. सुटलेले चौदा वेगळेच होते, मघाशी त्याने मोजलेल्यांपैकी. पक्षी तेच, डोळे तेच, आणि दिसलेले नाहीसे होत होते.

"पक्ष्यांचं काय घेऊन बसलीस," मामा म्हणाला. "तिकडे हत्ती आहेत. हत्ती कसा सुटेल? यल्ला, चला, चहा पिऊ."

गावाबाहेरच्या राउंडअबाउटवर तो सरळ आत शिरला आणि एका पिकअपचा हॉर्न अगदी कानाशी वाजला. मामाने करकचून ब्रेक मारला. मामीचा डबा सीटखाली गेला.

"कुठून उगवला हा?"

"डावीकडून," मी म्हणाले. "इथे राउंडअबाउटला सगळे डावीकडूनच येतात."

त्याने गाडी पुढे काढली. मग म्हणाला, "नामिबियात आपल्यासारखं आहे. गाड्या उजवीकडून येतात. तिथे मला त्रास नाही."

"इथे होतो का?"

उत्तर मामीने दिलं, तेही वेगळ्याच गोष्टीचं.

"नमू, दिवाळीपासून हे रोज भांडतात माझ्याशी. चटणी वाढली नाहीस, कोशिंबीर वाढली नाहीस. ताटात तशीच पडलेली असते गं! मला वाटायचं, मला टोमणे मारतात."

"नसायचीच," मामा म्हणाला.

"असायची हो. जिथे वाढतात तिथेच. भाजी उजवीकडे, चटणी डावीकडे."

मामाने पेट्रोल पंपाच्या कडेला गाडी उभी केली आणि चावी काढून मुठीत धरली.

"तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला," तो म्हणाला. "घे परीक्षा. पास झालो तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नापास झालो तर नामिबिया खलास."

"अहो, डॉक्टरकडे—"

"डॉक्टरकडे उद्या. आज ही घेईल. घे गं."

त्याला मी मोकळ्या जागेत उभं केलं आणि समोरच्या विजेच्या खांबाकडेच बघायला सांगितलं. मान हलवायची नाही, डोळे हलवायचे नाहीत. हलले तर सांगायला मामी समोर उभी राहिली. डब्यातलं एक संत्रं हातात घेऊन मी त्याच्या पाठीमागून, हातभर अंतर ठेवून, हळूहळू पुढे येत गेले. संत्रं दिसलं की त्याने "हां" म्हणायचं. खांबापासूनचा कोन मी मोबाइलच्या होकायंत्रावर घेत होते. आधी उजवी बाजू, मग डावी, असं तीनदा.

डाव्या बाजूला पहिल्यांदा मी बरीच पुढे आले तरी तो गप्पच होता.

"चाल की," तो म्हणाला. "थांबलीस कशाला?"

मी चालतच होते. मामीने पदर तोंडाशी नेला.

उजवीकडे: ८८, ९१, ८९ अंश. डावीकडे: ३४, ३६, ३५. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्या होत्या; डावीकडचं अर्ध्याहून जास्त मामाला दिसतच नव्हतं, म्हणजे नामिबिया खलास.