बासष्टवर अडलेली गाडी

"बाबा, ही गाडी मी तपासू का?"

भिंगरी हे विचारूच शकणार नाही, अशी तीन मैत्रिणींनी पैज लावली होती ती याच एका प्रश्नावर. भिंगरी शाळेत कितीही गरगरली, तरी वडिलांच्या गॅरेजात पाऊल टाकलं की तिची भिजलेली मांजर होते, असं तिघींचं ठाम मत होतं. आणि ते खोटंही नव्हतं. शाळा सुटली की ती रोज तिथेच असायची, पण तिच्या वाट्याला काम एकच. गाडी आत आली की पायाखालच्या मॅट काढून खिडकीशी रचायच्या, आणि गाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करताना परत घालायच्या. गिऱ्हाइकाच्या मॅटवर आपल्या तेलाचा ठिपका पडला तर आपण कसले कारागीर, हा बाबांचा वीस वर्षांचा नेम. इंजिनाला मात्र तिने हात लावायचा नाही.

त्यात उद्या शाळेत पुढच्या विषयांचा अर्ज द्यायचा होता. घरात कॉमर्स हे न विचारताच ठरलेलं. भिंगरीला यंत्रं शिकायची होती, पण "तुला काय कळतं त्यातलं?" असं कोणी विचारलं तर दाखवायला हातात काही नव्हतं.

गाडी होती पशुवैद्यबाईंची. बाईंचे निम्मे पेशंट टेकडीवरच्या गोठ्यांत. सपाटीवर गाडी शहाण्यासारखी चालायची, पण चढावर जोरात पाय दाबला की दमेकऱ्यासारखी व्हायची. बाबांनी पहिल्या खेपेला प्लग बदलले, दुसऱ्या खेपेला हवेचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही फिल्टर. दर वेळी स्वतः त्याच चढावर नेऊन पाहिली, तर गाडी वाऱ्यासारखी वर. बाईंनी नेली की पुन्हा तेच रडगाणं.

आज तिसरी खेप. बाबांनी तासभर तपासलं, चढावर फिरवून आणलं आणि गाडीत काही दोष नाही म्हणून सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला. आता दुसरीकडे दाखवते म्हणाल्या, अडलेली मेंढी वाट बघत थांबत नाही. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"मिस्त्री, माझे पेशंट मुके, तरी मला दुखणं सापडतं. तुमचा तर निदान हॉर्न वाजवतो."

बाबांचा चेहरा एवढासा झाला. भिंगरीला ते बघवेना, आणि पैजेचा प्रश्न तोंडातून निसटला तो तेव्हा.

"बघ बाई," बाबा गाडीला जोडून तिचे आकडे दाखवणारा स्कॅनर भिंगरीच्या हातात देत म्हणाले. "मी तर हात टेकले."

हो म्हणतील असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. आता करायचं काय? तिने सरळ बाईंनाच विचारलं, मुक्या जनावराचं दुखणं त्या ओळखतात तरी कसं.

"दवाखान्यात आणलं की जनावर बिचकून नीट उभं राहतं. म्हणून मी गोठ्यात जाते. तिथे ते खरं वागतं."

भिंगरीने मान डोलावली. मग गाडीही तिच्या गोठ्यातच बघायची. चालवणार बाई, मागे त्यांची औषधांची पेटी, पायात त्यांचे गमबूट, सगळं रोजच्यासारखं. मॅटही तिने परत घातल्या. त्यातली चालकाच्या पायाखालची मॅट उचलताना नेहमीच तिचं कंबरडं मोडायचं. बाबा पेटीशेजारी गुडघे हनुवटीला लावून बसले, ती पुढे स्कॅनर घेऊन. पाय किती दाबला याचा आकडा स्कॅनरवर दिसतो. बाबा दाबायचे तेव्हा तो शंभरला भिडलेला तिने कितीदा पाहिला होता.

चढ आला. पुढे एक ट्रक कण्हत चाललेला. बाईंनी पाय दाबला. चाळीस, पंचावन्न, बासष्ट. आकडा तिथेच रुतला.

"आणखी दाबा ना."

"अगं पोरी, पायात होता नव्हता तेवढा जीव लावलाय."

बासष्ट म्हणजे बासष्टच. भिंगरीला एकदम उमगलं. गाडी दमलीच नव्हती, तिच्याकडे पुरता जोर कोणी मागतच नव्हतं. वर पोचल्यावर तिने गाडी बाजूला घ्यायला लावली, इंजिन बंद करून नुसती चावी फिरवून ठेवायला सांगितली, आणि बाई उतरल्यावर डोकं खाली घातलं. जाडजूड रबरी मॅट पुढे सरकून तिची कड पेडलखाली दुमडली होती. भिंगरीने हाताने पेडल दाबलं, बासष्ट. मॅट ओढून काढली, शंभर. पुन्हा घातली, बासष्ट. चौथ्यांदा करून बघितलं ते निव्वळ मजा म्हणून.

चिखलाचे बूट म्हणून गोठ्यात अंथरतात त्या रबराचा तुकडा आपणच कापून टाकला होता, असं बाईंनी ओशाळत कबूल केलं. बाबा मात्र रस्त्याच्या कडेला डोक्याला हात लावून बसले.

"म्हणजे तिन्ही वेळा रोग काढून खिडकीशी ठेवला आणि रोगी तपासला. पेडल असंच खाली अडकलं असतं तर?"

ठेवणारे हात तिचेच होते, हे भिंगरीला बोचलं. पण हसूही आवरेना.

गॅरेजात परतल्यावर बाबांनी सुरी तिच्याच हातात दिली. तिने चार बोटं रबर कापलं, दोन भोकं पाडली आणि मॅट मागे हुकात पक्की अडकवली. बाई एकट्या चढावर जाऊन आल्या आणि उतरायच्या आधीच खिडकीतून अंगठा दाखवला. पुढच्या गिऱ्हाइकाने काय झालं होतं विचारलं, तेव्हा बाबा कॉलर ताठ करून म्हणाले, "ते आमच्या डॉक्टरीणबाईंना विचारा," आणि बोट भिंगरीकडे.

संध्याकाळी आईला ही गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा त्यांचा स्वतःचा मूर्खपणा दुप्पट आणि लेकीची हुशारी चौपट झाली होती. आई हसून हसून जेवायची थांबली. भिंगरीने ताट बाजूला सारलं, अर्ज मधोमध ठेवला आणि पेनाचं टोपण काढलं.

"आई, बाबा, मी कॉमर्स घेत नाहीये. मी यंत्रांचं शिकणार. आणि उद्यापासून गाडी आली की आधी मी आकडा बघणार, मॅट त्यानंतर निघतील."