कासवआजीच्या कानात

दिग्दर्शक बाहुलीशी बोलायचा. त्यात वेडेपणा काही नव्हता, त्या स्टुडिओत सगळेच बोलायचे. कॅमेरामन म्हणायचा, "आजी, जरा डावीकडे." मेकअपवाली म्हणायची, "आजी, हनुवटी वर घे." आणि हजार वर्षांची कासवआजी मान डोलवून ऐकायची. तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून फळ्यांखाली उताणी पडलेली बाई कुणाच्या खिजगणतीत नव्हती. ती बाई म्हणजे दिग्दर्शकाची सख्खी धाकटी बहीण. घरात तिला ठकी म्हणत. स्टुडिओत काहीच म्हणत नसत.

सगळा सेट कमरेइतक्या उंच फळ्यांवर उभारलेला. वर जंगल, डोंगर, चोरीला गेलेला समुद्र परत आणायला निघालेला हातभर उंचीचा लाकूडतोड्या आणि त्याला वाट सांगणारी कासवआजी. खाली धूळ, वायरी आणि चाकांच्या पाटांवर पडलेली माणसं. छोट्या पडद्यावर चित्र बघत उजवा हात बाहुलीच्या डोक्यात ठेवायचा आणि डाव्या हाताने पंजाची काठी फिरवायची. ठकीचा खांदा कामातून गेला होता, पण त्याबद्दल तिने कधी चकार शब्द काढला नाही. तिचा जीव होता तो आवाजात. घोगरा, मधेच हसणारा, शेवटचा शब्द गिळून टाकणारा आजीचा आवाज तिने स्वतः घडवला होता. काम घेताना तिने दादाला एकच अट घातली होती.

"माझं तोंड नाही दिसलं तरी चालेल. पण आजी बोलेल ती माझ्या आवाजात."

"अगं, हे काय सांगायला हवं?" दादा म्हणाला होता.

शेवटच्या दिवशी आजीच्या मरणाचं दृश्य तेवढं उरलं. त्यात तिचं कवच तडकायचं होतं आणि तसं कवच एकच बनवलं होतं, म्हणजे संधीही एकच. म्हणून जेवायच्या सुट्टीत सगळे पांगले तरी ठकी खालीच थांबून सराव करत राहिली. वर पावलं वाजली. दादा येऊन आजीच्या शेजारी बसला. आजीने सवयीने मान वळवली. त्यानेही सवयीने तिच्या कानाशी तोंड नेलं.

"आजी, घोळ झालाय," तो म्हणाला. "निर्मात्याला तुझ्या आवाजासाठी मोठी नटी हवीय. मी हो म्हणून बसलोय, महिना झाला. ठकीला सांगायची छातीच होत नाही. तू नाही ना सांगणार तिला?"

आजीने नाही म्हणून मान हलवली. काय करणार, हाताला सवयच तशी.

खाली ठकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिनाभर हा माणूस एकेक वाक्य दहादा म्हणवून घेत होता, "अजून थोडं घोगरं, आजी" म्हणत होता, आणि ते सगळं पुसून टाकायचं ठरलेलं होतं. मरणाआधीचं भाषण गेल्या आठवड्यात वाढलं, तेव्हा दादाने आपल्यासाठी वाढवलं म्हणून ही बया हरखून गेली होती; वाढलं होतं ते नटीसाठी. त्याने समोर येऊन सांगितलं असतं तर ती भांडली असती, रडली असती आणि शेवटी बहुतेक ऐकलंही असतं, कारण आयुष्यभर ती त्याचं ऐकतच आली होती. पण त्याने केसाने गळा कापला आणि कबुली दिली ती तिच्याच मनगटापाशी. ते मनगट आपल्या बहिणीचं आहे हेसुद्धा त्याच्या ध्यानात नव्हतं. याचा राग तिला सगळ्यात जास्त आला.

माणसं परतली. दिवे लागले.

"आजी, तयार?"

आजीने मान डोलवली.

लाकूडतोड्याने तिच्या कवचावर डोकं टेकलं. आता भाषण. ठकीने आजीचं तोंड उघडलंच नाही. न हललेल्या ओठांवर कुठलीही नटी आवाज चढवू शकत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आजीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पंजा उचलून त्याच्या गालावर ठेवला, मग समुद्राच्या दिशेने वळवला. पंजा थरथरत होता. वरच्यांना तो अभिनय वाटला. तो निव्वळ संताप होता. कवच तडकलं आणि मान हळूहळू खाली गेली.

कॅमेरा थांबवा म्हणायचंही कुणाला सुचलं नाही. मेकअपवाली मुसमुसत होती. पुढे हा सिनेमा पिढ्यान्‌पिढ्या पाहिला गेला आणि नटीचा आवाज कुणाच्या लक्षात राहिला नाही, पण ही गप्प बसलेली म्हातारी सगळ्यांच्या लक्षात राहिली.

दादा डोळे पुसत पुढे आला, गुडघ्यांवर बसला. त्याने आजीचं डोकं मांडीवर घेतलं.

"वा, आजी. पण बोलली का नाहीस?"

तो तिच्या कानाशी वाकला. "आजी?"

ठकीने हात काढून घेतला. सगळ्यांदेखत, जे तिथे कधी कुणी करत नसे. आजी रिकाम्या पिशवीसारखी त्याच्या मांडीवर गोळा झाली. फळ्यांखालून आवाज आला. घोगरा नव्हे, साधा, बाईचा.

"तिला काय विचारतोस, दादा? मी आहे इथे खाली. जेवायच्या सुट्टीतही होते."