भुवईवरची खूण

इसाबुरोने जन्मात स्वतःचं एकच काम चांगलं म्हटलं होतं, आणि नेमकं तेच चुकलं होतं. हे त्याला सांगायची वेळ आली ताझुकोवर. एकुलती एक मुलगी. शिवाय कानाझावातल्या त्याच्या रोगणकामाच्या कारखान्यात आता हात तिचाच चालायचा.

कुराहाशी घराण्याचं लोखंडी शिरस्त्राण त्याने तीस वर्षांपूर्वी दुरुस्त केलं होतं. उजव्या भुवईच्या वर खड्डा होता. तो भरून त्यावर रोगणाचे नऊ थर चढवले, असे की बोट फिरवलं तरी जागा सापडू नये. आता कुराहाशींना घरात जुनी यादी मिळाली. तीत लिहिलेलं: ‘घडवणाऱ्याने गोळी झाडून पारखलेलं. खूण उजव्या भुवईवर.’

म्हणजे ती इजा नव्हती, कारागिराची हमी होती.

“खूण दिसल्याशिवाय पारखी हे यादीतलंच शिरस्त्राण मानत नाहीत,” कुराहाशी चहात बघत म्हणाले. “पण तुमच्या वडिलांना तुम्हीच सांगा बाई. लहानपणी मी याला हात लावला, तर त्यांनी माझ्या बोटांवर पट्टी मारली होती.”

ताझुकोने जेवताना सांगितलं. म्हातारा खारवलेला मुळा चावत होता, तो चावतच राहिला.

“छपराला भोक पडलं तर तू बघत बसशील?”

“बाबा, ते ठेवायचं होतं.”

“मग यादी तेव्हा का नाही दाखवली त्या गाढवांनी?”

“तेव्हा सापडली नव्हती.”

“आणि तू? एवढी घोडी शेजारीच बसली होतीस ना?”

“होते. मीही म्हटलं, वा बाबा.”

त्याने मुळा गिळला. मग म्हणाला, “खड्डा गोल होता. पडून झालेला खड्डा असा गोल असतो होय!”

दुसऱ्या दिवशी त्याने शिरस्त्राण मांडीवर घेतलं. खरवडायचं पातं नेमकं त्या जागी टेकवलं, आणि तसंच धरून राहिला.

“तू कर,” शेवटी पातं तिच्याकडे सरकवत तो म्हणाला. “माझा हात अर्ध्यावर थांबेल.”

ती खरवडू लागली.

“सावकाश! हा थर घट्ट व्हायला दमट कपाटात अकरा दिवस ठेवला होता मी.”

“बाबा, मी तो काढतेय.”

“मग नीट काढ.”

तिसऱ्या दिवशी दुपारी खड्डा उघडा पडला, वाटाण्याहून जरा मोठा. म्हाताऱ्याने त्यात अंगठा टेकवला.

“जवळून मारलीय. तरी लोखंड फाटलं नाही.” अंगठा बराच वेळ तिथेच होता. “कुराहाशीला उद्या बोलव. चूक माझी होती हे मी सांगेन. तू मध्ये तोंड घालू नकोस.”