अर्धवट राहिलेलं धुकं

पोलादपूरला हायवेच्या कडेला मंगेश सकपाळचं साऊंड सिस्टीमचं दुकान आहे. हळद असो, सत्यनारायण असो, नाहीतर क्रिकेटच्या मॅचेस. छाती दणाणून सोडणारे बॉक्स हवेत तर मंगेशच हवा. पण या गड्याची स्वतःची आवड अगदी उलटी. दुकान रिकामं असलं की लॅपटॉपवर जे चालायचं, त्याला ना शब्द, ना ठेका. एकच सूर हळूहळू पसरायचा, त्याच्याखालून दुसरा यायचा, मध्येच कुठेतरी पाणी ठिबकायचं. असलं संगीत करणारी, कुणाला नावानं माहीत नसलेली माणसं तो इंटरनेटवर हुडकून काढायचा आणि स्वतःही कीबोर्डवर तसं करून बघायचा. गिऱ्हाईकं पाच मिनिटं ऐकून विचारायची, "गाना चालू कधी होनार?" मंगेश हसायचा आणि मनात म्हणायचा, गाढवाला गुळाची चव काय. तेवढा माज त्याला होता.

गेल्या शिमग्याला उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत तो भैरीच्या देवळात बॉक्स लावायला गेला. सभामंडपात भिंतीला लावून सतरंज्या आणि पत्रे रचलेले होते. ते हलवले आणि मागून भिंतभर चित्र निघालं. देवळाच्या ओट्यावरून दिसते तीच दरी, धुक्यातली. दोन डोंगर होते म्हटलं तर होते, नव्हते म्हटलं तर नव्हते. खाली एका झाडाचा नुसता शेंडा. बाकी सगळं पांढरं, पण त्या पांढऱ्यात इतक्या छटा की मंगेश हातात वायर धरून तसाच उभा राहिला. आपण वर्षानुवर्षं कीबोर्डवर जे शोधतोय ते कुणीतरी चुन्यात करून ठेवलंय, हे त्याला कळलं आणि त्याला चक्क रडू आलं.

"ता व्हय? मुरारीनानानं काढलेला," सतरंज्या उचलणारा एक जण म्हणाला. "अर्धाच ऱ्हायला."

मुरारी उतेकर देवळामागेच राहायचे; मंगेश लगेच त्यांच्याकडे गेला आणि लोक चित्र अर्धं म्हणतात ते बोलला. वय ऐंशीच्या पुढे. उभा जन्म महाडला दुकानांच्या पाट्या रंगवल्या आणि वेळ मिळेल तशी स्वतःपुरती चित्रं काढली. ती सगळी चित्रं पुतण्याकडे महाडात होती, ती पुरात गेली. राहिली ही एक भिंत. काचबिंदूनं आता दोन्ही डोळे गेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा.

"अर्धा कुठला?" नाना म्हणाले. "चार महिने लागले मला. आधी डोंगार पुरते काढले. मग पातळ चुन्याचा फडका फिरवून फिरवून पुसत आनले. लोकांना वाटला, रंग संपला."

"ह्यांनीबी कधी कुनाला सांगितला नाय," त्यांच्या बायकोनं, प्रयागबाईंनी, चहा पुढे करत म्हटलं.

"सांगून काय करू गो? दिसला त्याला दिसला."

मंगेशला दिसलं होतं. त्यानं भिंतीवरून मोबाईल सावकाश फिरवला, त्याखाली आपलं सहा मिनिटांचं संगीत घातलं आणि आधी नानांना नेऊन ऐकवलं. नाना मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "ही आपलीच दरी हाय." मंगेशला आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मिळाली नव्हती. त्या आनंदात, शिमग्याच्या कामासाठी त्याला घेतलं होतं त्या वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं व्हिडिओ टाकला, आणि तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

त्या वाडीचा कारभार चालतो मुंबईहून. तिकडच्या मंडळाचे अध्यक्ष राजेशशेठ. व्हिडिओ पाहून माणसं खरोखर हेलावली. काही जण गावाच्या आठवणीनं रडले. मग मंडळाची मीटिंग झाली आणि दिवाळीनंतर राजेशशेठचा मंगेशला फोन आला.

"काय व्हिडिओ केलास रे! सगळ्यांना एकदम टच झालं. एवढा मोठा आर्टिस्ट आपल्या गावात, आणि त्याचं चित्र अर्धवट? आम्हाला लाज वाटली. ठराव पास केला. देवळाच्या जीर्णोद्धारात ते चित्र आपण पूर्ण करून घेतोय. ऑइल पेंटमध्ये, एकदम टिकाऊ!"

"शेठ, ते पूर्णच आहे," मंगेश म्हणाला. "ते तसंच आहे. हात लावू नका, पाया पडतो."

"अरे, त्यात काहीच दिसत नाही!"

"तेच तर काढलंय त्यांनी."

राजेशशेठ मनमोकळं हसले. माणूस वाईट नव्हता; वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. "तुला काय, नाव पाहिजे ना नानांचं? मोठ्या अक्षरात टाकू. प्रॉमिस."

मंगेश दुसऱ्याच दिवशी नानांकडे धावला. "नाना, तुम्ही एकदा नको म्हणा. तुमचं ऐकतील."

"भिंत देवळाची, देऊळ गावाचा," नाना म्हणाले. "मुंबयची पोरा एवढ्या मायेनं करतायत. देवाच्या कामाला मी आडवा कसा जाऊ?"

मंगेश तरी कोण होता? परगावचा बॉक्सवाला. गावकऱ्यांना सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, मंडळाचा ठराव हाय. पुन्हा फोन केला, तर पेंटर निघाला होता. ग्रुपवर लिहिलं, तर लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. ज्या व्हिडिओनं हे सगळं झालं तो त्यानं पुसून टाकला. पण तोवर तो शंभर मोबाईलमध्ये गेला होता.

जत्रेला उद्घाटन ठरलं. स्पीकर अर्थातच मंगेशचे. भिंतीवर आता दोन हिरवेगार डोंगर होते, मधोमध सूर्य, निळा धबधबा, पाणी पिणारी हरणं. झाडाला खोड आलं होतं, फांद्या आल्या होत्या, फांदीवर पोपट होता. कोपऱ्यात हातभर लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'चित्रकार श्री. मुरारी उतेकर'. लोक वाहवा करत होते. पोरीबाळी फोटो काढत होत्या.

नानांना शाल घातली, नारळ दिला. मग कुणीतरी मायेनं त्यांचा हात धरून भिंतीवर टेकवला. चुना हाताला लागेल या अपेक्षेनं नानांनी बोटं पसरली होती, ती गुळगुळीत रंगावरून घसरली. ते भिंत चाचपत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. कोपऱ्याशी आल्यावर प्रयागबाई कौतुकानं म्हणाल्या, "हितं तुमचा नाव लिवलाय. केवढा मोठा!"

नाना थांबले. "मंगेश हाय का रे?"

"हाय नाना." मंगेश माईक बंद करून जवळ गेला.

नाना त्याचा दंड धरून कानाशी झुकले. "तेवढा नाव पुसता येल?"

मंगेशनं अक्षरांवरून अंगठा फिरवला, नखानं खरवडून पाहिलं. रंग पक्का होता.

"मंगेश, अरे नाव पुकार की नानांचं!" राजेशशेठ पाठीमागून ओरडले. लोक टाळ्या वाजवायला तयार उभे होते. नानांनी त्याचा दंड सोडला. मंगेशनं माईक चालू केला आणि नाव पुकारलं.