रुमालातला केक

"बंद कर ते," नीलिमा म्हणाली, तेव्हा वल्लरीने तो प्रसंग पाचव्यांदा लावला होता.

लॅपटॉपवर एक ब्रिटिश विनोदी मालिका चालू होती. छोट्या गावातलं पाण्याच्या मीटरचं ऑफिस, कुणाचा तरी वाढदिवस. फायलींमागे बसलेल्या भारतीय कारकुनाच्या हातात केकची बशी येते. तो मान डोलावत 'छान, फारच छान' म्हणतो आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून केक हळूच टेबलाच्या खणात सारतो. मागे ध्वनिमुद्रित हशा वाजत नाही. कॅमेरा मात्र तिथून हलत नाही. शेवटी कारकून मान वर करतो आणि थेट आपल्याकडे बघतो.

बुधवारी वल्लरीला इंग्रजीच्या वर्गात याच प्रसंगावर बोलायचं होतं. विनोदाची शैली कशी आहे, आणि माणसं कशी ठरीव साच्यातली दाखवली आहेत. सहामाहीचे निम्मे गुण त्यावर होते. शैलीचं तिने झटपट उरकलं होतं. हशा नसला की हसायचं की नाही हे बघणाऱ्याला स्वतःच ठरवावं लागतं, असं काहीसं. पोरगी हुशार. पण पुढे भारतीय माणूस नेहमी असाच दाखवतात, नाही म्हणता न येणारा, एवढं लिहून तिने खाली लिहिलं होतं, 'माझी आई हेच करते.'

नीलिमाने ते वाचलं आणि उठून ओटा पुसायला घेतला. तो मघाशीच पुसलेला होता.

वल्लरी पोटात असताना तिने अंडं सोडलं होतं. नेम धरला तो धरला. पुढे जर्मनीत बॉबलिंगेनच्या या कंपनीत लागली, त्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या वीडमान यांनी स्वतःच्या वाढदिवसाचा, बायकोने अंडी घालून केलेला चीजकेक पुढे केला. म्हाताऱ्याचा हसरा चेहरा बघून नाही म्हणणं जिवावर आलं. 'झेअर लेकर,' फार चविष्ट, ती म्हणाली आणि केक कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला. एकदा चविष्ट म्हटल्यावर पुढच्या वर्षी काय सांगणार? असा केक घरी येत राहिला आणि तो वल्लरी खात राहिली. नेम आईचा होता, लेकीचा नव्हता.

"ते वाक्य काढून टाक, वल्लू."

वल्लरी जर्मनमध्ये म्हणाली, की खोटं थोडंच आहे. मग काय लिहू, असं कुणी करतच नाही?

"तसंच लिही. अपमान आहे तो आपला."

वल्लरीची मराठी एरवी पुण्याच्या आजीच्या फोनपुरती. पण आता ती मराठीत बोलली. "आई, तुला राग कशाचा आलाय? त्याला असं दाखवलं याचा, की तो पकडला गेला याचा?"

नीलिमा देवापुढे जाऊन बसली. स्तोत्र म्हणताना ओळ चुकली. पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडखळली. सोमवार सगळा तसाच गेला. ऑफिसात कुणी काही विचारलं की तिची मान डोलायला लागे आणि तिची तिलाच दिसे.

मंगळवारी वीडमान यांचा वाढदिवस होता. इथे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. गेल्या वर्षी त्यांनी आणला नव्हता, बायको इस्पितळात होती. फेब्रुवारीत ती गेली. यंदा ते आणतील असं कुणाला वाटलं नव्हतं, पण आणला. मध्ये खचलेला, कडेने करपलेला. बायकोच्या वहीत बघून मीच केला, आयुष्यात पहिल्यांदा, असं सांगत त्यांनी पहिली बशी नीलिमापुढे धरली.

तिचा हात रुमालाकडे गेला. आजचा दिवस तरी गप्प बसावं. या माणसाला आज खरं सांगून काय मिळणार? पण घरी जाऊन वल्लरीकडे कुठल्या तोंडाने बघायचं? तिने बशी खाली ठेवली.

"मिस्टर वीडमान, मी अंडं खात नाही. व्रत आहे माझं. आधीचे केकही कधी खाल्ले नाहीत."

"पण दर वर्षी तुम्ही..."

"घरी नेत होते. माझी मुलगी खायची."

वीडमान यांनी सुरी पुसली. "माझी हानेलोरे दर वेळी विचारायची, त्या भारतीय बाईंना आवडला का. मी हो सांगायचो."

"मला माफ करा."

त्यांनी केक जवळ ओढला. मग त्यांनी विचारलं, "सगळे तिने खाल्ले? तुमच्या मुलीने?"

"पाच वर्षांची होती तेव्हापासून. चुराही उरू द्यायची नाही."

"आल्झो," बरं तर, म्हणत त्यांनी कमी करपलेल्या कडेचा मोठा तुकडा कापला. त्याला चंदेरी कागद गुंडाळताना एक बाजू उघडीच राहत होती. हे काम त्यांनी कधी केलं नसावं. नीलिमाने मदतीला हात पुढे केला नाही. "तिला चव ठाऊक आहे. काय कमी पडलं ते तिला विचारा. मला आवडेल असं नको, खरं सांगायला सांगा."

तेव्हा नीलिमाने शाळेचं सांगितलं. मालिकेतल्या कारकुनाचं, वल्लरीने लिहिलेल्या वाक्याचं, आणि ते काढून टाकायला सांगितल्याचंही. उद्या ती ते वर्गात वाचणार, मी वाचू देणार, पण केक तुमच्या घरचा, म्हणून तुम्हालाही विचारते, ती म्हणाली.

"वाचू द्या की. फक्त केक कुणी केला होता, तेही सांगू द्या."

त्यांनी टेबलावरची पिवळी चिठ्ठी ओढली आणि शाळेतल्या मुलासारखी सुटी, मोठी अक्षरं काढत बायकोचं नाव लिहिलं. शेवटचं अक्षर नीट उमटलं नाही, म्हणून त्यावरून पेन पुन्हा एकदा फिरवला.