कानठिपक्यांची शेवटची जोडी

मादी मंगळवारी सकाळी मेली. पण ती मेलेली नाही असं साहेबांनी सांगितलं, त्यामुळे आपणही तसंच धरून पुढे जाऊ.

"अस्वस्थ आहे म्हणा," साहेब टाकीत वाकून बघत म्हणाले.

"साहेब, उताणी पडलीय."

"माणूसही झोपतो उताणा."

"डोळे पांढरे झालेत."

"हे बघा फवारे, मासा मेला की नाही हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही ठरवायचं नाही. त्यासाठी समिती आहे. समितीला अध्यक्ष नेमायचाय अजून. तोवर ती जिवंत. खाणं टाका."

फवाऱ्यांनी खाणं टाकलं. ते मादीच्या पोटावर पडलं आणि तिथेच राहिलं.

फवारे हे त्यांचं आडनाव नव्हे. मत्स्य खात्याच्या या संवर्धन केंद्राचं उद्घाटन होतं, तेव्हा त्यांच्या हातून पाण्याचा पाइप निसटला आणि प्रमुख पाहुणे भाषणाच्या पहिल्याच वाक्याला नखशिखांत भिजले. तेव्हापासून टाक्या सांभाळणारा हा माणूस फवारे झाला. रागावली की बायकोसुद्धा 'अहो फवारे' म्हणायची. रागावलेली नसली की काहीच म्हणायची नाही.

कानठिपक्या हा नदीतला मासा. कानाजवळ काळा ठिपका असतो म्हणून कानठिपक्या. माशाला कान दिसत नाहीत हे खरं, पण नाव खात्यानं ठेवलेलं. नदी सडत गेली तसे कानठिपके संपत गेले, आणि अगदी संपत आल्यावर सरकारला त्यांची माया आली. मत्स्य खातं आणि वन्यजीव खातं यांनी एकाच डोहात एकाच दिवशी समोरासमोरच्या काठांवरून, एकमेकांकडे न बघता जाळी टाकली. यांना मादी मिळाली, त्यांना नर. बाकी चपला निघाल्या, त्यांच्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

दोन्ही खात्यांची आवारं एकमेकांना लागून होती, मध्ये छातीएवढी भिंत. अलीकडे मादी आणि फवारे, पलीकडे नर आणि बाई. बाई वन्यजीव खात्यात खाणं घालायच्या कामावर होत्या. नर इकडे आला असता तर तो मासा ठरला असता, मादी तिकडे गेली असती तर ती वन्यजीव ठरली असती, आणि यातलं एकही दोन्ही खात्यांना एकाच वेळी मान्य नव्हतं. जोडी जमवायचा प्रस्ताव वर गेला होता. तो वरच होता. इकडे भिंतीवरून चहा यायचा, जाळी जायची, औषधाची बाटली यायची. एकदा तर इकडची मोडकी खुर्ची गेली आणि दुरुस्त होऊन परत आली. मासा मात्र जायचा नाही.

एका वर्षी मादीनं अंडी धरली. पोट असं तट्ट फुगलं की फवारे तिच्याशी हळू आवाजात बोलू लागले. दुपारच्या सुट्टीत बाईंनी नराला डब्यात घेतलं आणि डबा आणून भिंतीवर ठेवला.

"घ्या भाऊ. कुणी नाहीये."

फवाऱ्यांनी दोन्ही हात पुढे केले. बोटं डब्याला लागली. मग त्यांनी हात मागे घेतले.

"बाई, पण मी याची आवक कशात दाखवू?"

बाईही थबकल्या. "खरंच की हो. आणि मी जावक?"

दोघांनी पुष्कळ डोकं चालवलं. नर डब्यात गोल गोल फिरत होता. सुट्टी संपली तशा बाई डबा उचलून आत गेल्या. मादीनं अंडी टाकली ती तळाशी पांढरी पडली आणि फवाऱ्यांनी ती गाळून काढली. नंतर बरेच दिवस भिंतीपाशी चहा पिताना दोघं माशांचा विषय सोडून कशावरही बोलायची. तशी अंडी मादीनं पुन्हा धरली नाहीत.

तर ती मंगळवारी अस्वस्थ झाली. तिला थंड जागी ठेवायला हवं होतं, पण कार्यालयातला फ्रीज लेखा विभागाच्या नावावर होता आणि लेखा विभाग त्यात स्वतःची औषधं ठेवायचा. "तुम्ही वैयक्तिक पातळीवर बघा," साहेब म्हणाले. फवाऱ्यांनी तिला पिशवीत गुंडाळून घरी नेलं.

"हे काय आणलंत?" बायकोनं फ्रीज उघडून विचारलं.

"ऑफिसचंय."

"मासा आहे."

"मादी आहे."

"वा! इतकी वर्षं माझ्याशी बोलला नसाल इतकं तिच्याशी बोललात. आता सवत घरातच आणून ठेवा." ती पिशवीकडे बघत राहिली. "मेली ना पण ही?"

"साहेब नाही म्हणतात."

"साहेबांना नाक नाहीये का?"

बायकोनं बर्फाचा ट्रे काढून पिशवीला नीट जागा करून दिली. फ्रीजचं दार मात्र तिनं मुद्दाम आपटलं.

बुधवारी साहेब धावतच टाकीपाशी आले. "फवारे, मंजुरी आली! वरून थेट! उद्या नर येतोय!"

"कुणाकडे येतोय, साहेब?"

साहेबांचा चेहरा थोडा उतरला. "नको म्हटलं तर का म्हणून विचारतील. का, तर मादी नाही म्हणून. मादी नाही तर केंद्र कशाला? केंद्र नाही तर..." त्यांनी बोट स्वतःकडे केलं, मग मोठ्या मनानं फवाऱ्यांकडेही केलं. "येऊ द्या त्याला. टाकीत सोडू. पुढचं पुढे."

"साहेब, तो म्हातारा आहे. हलवला तर मरेल. आहे तिथे राहिला तर निदान राहील तरी."

"मंजुरी आलीय हो, फवारे! मंजुरी रोज येते का?"

फवारे भिंतीपाशी गेले आणि त्यांनी बाईंना हाक मारली.

"बाई, काहीही करा, नर देऊ नका. ती गेली."

बाईंनी हातातली बादली खाली ठेवली. "कधी?"

"काल."

"आणि मला आज सांगताय?"

"अजून गेलेली नाहीये ना, म्हणून."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी आमच्या मॅडमना सांगून बघते, तो आजारी आहे म्हणून."

थोड्या वेळानं त्या परत आल्या. "मॅडम म्हणाल्या, आजारी असेल तर आजच पाठवा. आपल्याकडे मरायला नको."

"मग भिंतीवरून तरी द्या. इथल्या इथे. मी घेतो, आत्ता घेतो."

"आदेशात 'वाहनाने' लिहिलंय, भाऊ. चालक येऊन बसलाय. मॅडम स्वतः पिशवीला गाठ मारतायत."

भिंतीला दार नव्हतं. वाहनाला मागच्या रस्त्यानं बाहेर पडून, बाजाराला वळसा घालून इकडच्या फाटकात यायचं होतं. रस्ता तुंबलेला होता. फवारे फाटकात उन्हात उभे राहिले. वाहन आलं, तेव्हा पहारेकऱ्यानं काठी आडवी धरली.

"आत कोण आहे?"

"मासा," चालक म्हणाला.

"आवक पास?"

"पास देणारे जेवायला गेलेत," फवारे म्हणाले. "सोड रे बाबा. मी ओळखतो त्याला."

"तुम्ही ओळखून काय उपयोग? त्यानं ओळख दाखवायला पाहिजे."

पास देणारे जेवून, हात धुऊन, एक डुलकी काढून आले. तोवर बाई मागच्या सीटवर मांडीत पिशवी घेऊन बसून होत्या. पिशवीतलं पाणी कोमट झालं होतं. फवाऱ्यांनी दार उघडलं.

"अजून हलतोय बघा, भाऊ," बाई म्हणाल्या.

फवाऱ्यांनी पिशवीखाली हात धरला. बाईंचे हात थरथरत होते.

"पाणी हलतंय, बाई."

आता मात्र समिती बसली. अध्यक्षही मिळाला, कारण जिवंत माशापेक्षा मेलेल्या माशाची जबाबदारी घ्यायला माणसं लवकर तयार होतात. समितीनं जात नामशेष झाल्याचं एकमतानं ठरवलं आणि दोन्ही खात्यांच्या सहकार्याची स्तुती केली. केंद्र बंद झालं. साहेबांना धान्य गोदामावर पाठवलं, फवाऱ्यांना कुठेच नाही. मादी औषधी पाण्याच्या बरणीत मत्स्य खात्याच्या कपाटात गेली, नर तशाच बरणीत वन्यजीव खात्याच्या. मॅडमनी त्यासाठी पुन्हा वाहन मागवलं.

शेवटच्या दिवशी फवाऱ्यांनी टाक्या रिकाम्या केल्या, हवेचा पंप बंद केला आणि ते आयुष्यातला पहिला अर्ज लिहायला बसले. दोन्ही खात्यांच्या वर कोण असतं हे कार्यालयात कुणालाच सांगता येईना, म्हणून त्यांनी 'माननीय' एवढंच लिहून पुढे जागा सोडली.

'विषय: दोन्ही मासे एका बरणीत ठेवण्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून लिहितो की बरणी कोणत्याही खात्याची चालेल. नावाची चिठ्ठी दोन्ही खात्यांची लावावी. मासे लहान असल्याने दोघे एकीत मावतात, मी मापून पाहिले आहे. त्यांचा एकमेकांना त्रास होणार नाही. तरी मंजुरी मिळावी, ही नम्र विनंती.'